स्लोवर गाडी का धरत नाही?

टू-स्ट्रोक मोपेड स्लोवर धरत नाही, सिग्नलला एक्सिलरेटर सोडला की बंद पडते, या तक्रारीचे खापर सध्या ई-२०वर, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, फुटते आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ई-२०च्या विरोधातली जनहित याचिका फेटाळली आणि जुन्या गाडीवाल्यांचा राग पंपावरून गॅरेजकडे वळला. रागात तथ्य अजिबात नाही असे नाही. पण किनेटिकची लूना १९७२ साली आली तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हते, आणि स्लोवर बंद पडणाऱ्या लूना तेव्हाही होत्या. या दुखण्याची कारणे बहुतेक वेळा गाडीतच सापडतात, आणि ती शोधण्याचा एक क्रम आहे. अडचण एवढीच, की गॅरेजमध्ये हा क्रम हमखास उलटा चालतो. सगळ्यात शेवटी हात लावायचा स्क्रू सगळ्यात आधी फिरवला जातो.

इथेनॉलचा हिशेब आधी उरकून टाकावा. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ किलो पुरते. वीस टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा किलो लागते. इंजेक्शनच्या गाडीतला सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरच्या जेटचे भोक मात्र आहे तेवढेच राहते, म्हणून मिश्रण थोडे लीन होते, त्यात हवेचे प्रमाण वाढते. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यात जुन्या दुचाकींचे ॲव्हरेज तीन ते चार टक्क्यांनी घटेल असे म्हटले होते. निरोगी इंजिन एवढ्या फरकाने स्लोवर बंद पडत नाही. जे आधीच काठावर होते, ते पडते.

स्लोवर इंजिन चालते ते फार थोड्या पेट्रोलवर. एक्सिलरेटर सोडला की कार्बोरेटरमधली स्लाइड जवळजवळ बंद होते, मेन जेटचा मार्ग निष्क्रिय होतो आणि पेट्रोल येते ते स्लो जेटच्या, म्हणजे पायलट जेटच्या, भोकातून. हे भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असते. काही लहान मोपेडच्या कार्बोरेटरांना तर वेगळे स्लो जेटच नसते. एक जेट, एक स्लाइड आणि ती किंचित वर उचलून धरणारा स्क्रू, एवढाच कारभार. शिवाय टू-स्ट्रोकमध्ये स्लोवर ताजे मिश्रण कमी आणि मागचा जळलेला धूर जास्त असतो, त्यामुळे दर फेऱ्याला स्फोट होतोच असे नाही. फोर-स्ट्रोकसारखे एकसुरी आयडलिंग या इंजिनाकडून मागणे व्यर्थ आहे. थोडे अडखळत, पण न थांबता चालणे, हेच त्याचे चांगले आयडलिंग.

कार्बोरेटर खोलण्याआधी काही गोष्टी उभ्या-उभ्या तपासता येतात. प्लगचा गॅप साधारण ०.५ ते ०.६ मिमी असावा. जुन्या मॅग्नेटला पॉइंट असतील तर त्यांचा गॅप ०.४ मिमीच्या आसपास असावा आणि तोंडे जळालेली नसावीत. टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक बुजले असेल तर गाडी दहा-पंधरा मिनिटे छान चालून मग मरते. झाकण सैल करताच पुन्हा सुरू होते. कॉकपासून नळी काढून पेट्रोलची धार पाहावी, थेंब-थेंब येत असेल तर कॉकची जाळी भरलेली आहे. एअर फिल्टर आणि सायलेन्सरमधली काजळी हेही जुने गुन्हेगार. इंजिन चालू असताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे. रेस वाढली तर कार्बोरेटर निर्दोष आहे, केबल आखूड पडते आहे.

यानंतरची चाचणी सगळ्यात मोलाची, आणि तिला एक पैसा लागत नाही. गरम इंजिनाला अर्धा चोक द्यावा. गाडी सुधारली, तर तिला पेट्रोल कमी पडते आहे किंवा कुठून तरी जादा हवा मिळते आहे. आणखी बिघडली, धुराने गुदमरली, तर पेट्रोल जास्त होते आहे: फ्लोट चुकीच्या उंचीवर आहे, फ्लोट पिन ओव्हरफ्लो करते आहे किंवा चोक आधीच अर्धवट अडकलेला आहे. पुढे काय उघडायचे ते यावरून ठरते.

पेट्रोल कमी पडते आहे असे दिसले, तर पहिला संशय स्लो जेटवर. कार्बोरेटरची वाटी काढून पांढऱ्या बशीत ओतावी. तळाशी पाण्याचे गोळे, तपकिरी चिकटा किंवा जस्ताच्या बॉडीची पांढरी भुकटी दिसली की निम्मे निदान झाले. ई-२०चा खरा हात इथे आहे. इथेनॉल जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा थर सोडवते आणि तो कचरा नेमका सगळ्यात बारीक भोकात जाऊन बसतो. जुने रबर फुगते, पिनचे टोक चिकटते. जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५मध्ये मान्य केले. पावसाळ्यात उभ्या गाडीत पाणी गेले तर इथेनॉल ते धरून तळाला वेगळा थर करते. तेल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहते. कॉकमधून आधी उतरतो तो बिनतेलाचा थर. तिथे नुकसान आयडलिंगपुरते थांबत नाही, पिस्टन धरतो.

जेट साफ करताना तार घालण्याची सवय सोडावी. पितळ मऊ असते. भोक एकदा मोठे झाले की जेट कामातून गेले. कार्बोरेटर क्लीनर, दाबाची हवा, फार तर ब्रशचा नायलॉनचा केस. जेटबरोबर बॉडीतला स्लोचा मार्गही फुंकून पाहावा. तो विसरला की गाडी दुसऱ्या दिवशी परत येते. तेलाचेही प्रमाण पाळावे: लिटरला २० मिली, म्हणजे एकास पन्नास, असे सांगितले असेल तर तेवढेच टाकावे. जास्त तेलाने इंजिन सुरक्षित राहते हा समज अर्धाच खरा आहे: तेल वाढले की तेवढ्याच थेंबात पेट्रोल घटते आणि मिश्रण उलट लीन होते.

सगळे साफ करूनही गाडी सुधारत नसेल, तर ती हवा खेचते आहे. टू-स्ट्रोकचे हे सगळ्यात दुर्लक्षित दुखणे. इथे क्रँककेस हाच पंप असतो: पिस्टन वर जाताना खाली पोकळी तयार होते, ती कार्बोरेटरमधून मिश्रण ओढते. ही पोकळी एखाद्या फटीतूनही हवा ओढू शकते. स्लोवर कार्बोरेटरमधून येणारी हवाच इतकी थोडी असते, की फटीतली हवा त्यात मोठा वाटा उचलते. फुल एक्सिलरेटरला तीच फट जाणवतही नाही. म्हणून मालक सांगतो, ‘पळवताना काही त्रास नाही, फक्त थांबल्यावर बंद पडते.’ याचे दुसरे रूप म्हणजे गरम झाल्यावर रेस चढते आणि एक्सिलरेटर सोडूनही खाली उतरत नाही.

फट तीन ठिकाणी शोधावी. कार्बोरेटरचा क्लॅम्प आणि त्यातली रिंग, मॅनिफोल्डचे पॅकिंग आणि क्रँकची ऑइल सील. पहिल्या दोन ठिकाणी साबणाचे पाणी सोडावे. आवाज बदलला की जागा सापडली. पेट्रोल शिंपडून बघणारे आहेत, त्यांनी गरम सायलेन्सर किती जवळ आहे ते एकदा मोजावे. क्लॅम्प जोर लावून आवळला तर बॉडी चेपते आणि स्लाइड अडकते, तो वेगळाच घोळ. सीलचे काम अवघड, कारण मॅग्नेटच्या बाजूचे सील मॅग्नेट काढल्याशिवाय दिसत नाही. दुसऱ्या बाजूला क्लच तेलात असेल तर तिथले फाटके सील तेलच ओढते. धूर वाढतो आणि केसमधले तेल गायब होऊ लागते. खात्री करायची तर पिस्टन खाली आणून सायलेन्सरचे आणि कार्बोरेटरचे तोंड ट्यूबच्या रबराने बंद करावे आणि रक्तदाब मोजायच्या यंत्राच्या फुग्याने हवा भरावी. २५० मिमी पारा, म्हणजे सुमारे ५ पीएसआय, पुरे. काटा झरझर उतरला तर इंजिन गळते आहे. ही चाचणी स्वस्त आहे, तरी गॅरेजमध्ये क्वचितच होते. नवा कार्बोरेटर विकणे जास्त सोपे.

आता स्क्रू. इंजिन पाच-दहा मिनिटे चालवून गरम करावे, चोक पूर्ण बंद. स्लाइडच्या स्क्रूने रेस थोडी वाढवावी. मिश्रणाचा स्क्रू अलगद आत बसवून दीड फेरा बाहेर काढावा. तो कार्बोरेटरच्या फिल्टरकडच्या बाजूला असेल तर हवेचा असतो, आत गेला की मिश्रण रिच, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त. इंजिनाकडे असेल तर पेट्रोलचा, आत गेला की लीन. पाव-पाव फेरा फिरवत सगळ्यात चढी, स्थिर रेस शोधावी, मग स्लाइडचा स्क्रू सोडून ती खाली आणावी. हे दोनदा करावे. ई-२०साठी हवेचा स्क्रू पाव फेरा आत एवढेच बहुधा पुरते. स्वच्छ आणि न गळणाऱ्या इंजिनाला तेवढ्याने भागले नाही, तरच एक नंबर मोठे स्लो जेट लावावे. उत्तम जागा अर्ध्या फेऱ्याच्या आत किंवा तीन फेऱ्यांच्या बाहेर सापडत असेल, तर मूळ दोष अजून आतच आहे.

मोपेडचा क्लच आपोआप लागणारा असतो, त्यामुळे रेस चढी ठेवून वेळ मारून नेता येत नाही. स्टँडवर मागचे चाक जोराने फिरू लागले तर रेस जास्त आहे. उलट, क्लच सुटतच नसेल तर तोच इंजिन बंद पाडतो आणि दोष कार्बोरेटरवर येतो. स्लाइड झिजून बॉडीत खुळखुळत असेल तर मात्र कोणतेच सेटिंग टिकत नाही, कार्बोरेटर बदलावा लागतो. स्लो जेटमध्ये पुन्हा चिकटा बसू नये म्हणून, गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटीतले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवावे.