मर्लो म्हणून वाढलेली कार्मेनेर

एखाद्या मुलीला शंभरावर वर्षं भलत्याच नावानं हाक मारायची आणि वर ती हट्टी म्हणून नाक मुरडायचं, तसं चिलीतल्या एका द्राक्षवेलीचं झालं.

कार्मेनेर मूळची फ्रान्समधल्या बोर्दोची. 1860च्या दशकात मुळांवर जगणारी फायलोक्झेरा ही कीड फ्रान्समध्ये आली आणि बागा उजाड झाल्या. पुन्हा लागवड करताना बागायतदारांनी हिला वगळलं. फुलोऱ्यात गारठा पडला की फुलगळ होते, घड विरळ राहतात, शिवाय पिकायला उशीर. कोण सांभाळणार असली वेल? पण तोवर हिच्या काड्या मर्लो या वाणाच्या काड्यांत मिसळून चिलीत रुजल्या होत्या, आणि तिथं ती कीड पोहोचलीच नाही.

चिलीत दोन्हींची तोडणी एकदमच व्हायची. मर्लो तयार, तर कार्मेनेर तीन-चार आठवडे मागे. मग वाईनला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास यायचा. लोक म्हणत, इथली मर्लोच निराळी!

24 नोव्हेंबर 1994 रोजी फ्रेंच द्राक्षतज्ज्ञ जाँ-मिशेल बुर्सिको यांनी माइपो खोऱ्यातल्या बागेत फुलं निरखली. पुंकेसर पिळवटलेले. ही मर्लो नव्हेच! कोवळी पालवीही मर्लोसारखी पांढुरकी नाही, तांबूस.

आता ती वेगळी आणि उशिरा खुडतात. पूर्ण पिकली की रंग गडद, तुरटपणा मऊ, चवीला मसाल्याची झाक. मिरचीचा पुसटसा वास मात्र राहतो. तो अजिबात नसेल, तर ती कार्मेनेर कसली?