कुत्रा बिघडतो, म्हणजे काय होते?

कालपर्यंत मुलांशी खेळणारा घरचा कुत्रा आज अंगावर हात ठेवताच गुरगुरू लागला, म्हणजे 'हा बिघडला' असा निकाल घरात ताबडतोब दिला जातो. मग कोणी काठी उचलतो, कोणी त्याला दिवसभर बांधून ठेवतो, आणि अखेर त्याला कुठे तरी लांब सोडून देण्याचा बेत ठरतो. आमचे म्हणणे असे की, यांपैकी काहीही करण्यापूर्वी कुत्रा असे का वागतो, हा प्रश्न जाणत्या माणसाला विचारावा.

तो विचारायचा प्रथम पशुवैद्याला. कान पिकलेला असतो, सांधा झिजलेला असतो, दात दुखत असतो; मुक्या जनावराला ते सांगता येत नाही, म्हणून ते दात दाखवते. इंग्लंडातील लिंकन विद्यापीठाचे डॅनियल मिल्स व त्यांचे सहकारी यांनी २०२० साली असा अंदाज मांडला की, वर्तनाच्या तक्रारीसाठी तज्ज्ञांकडे पाठविलेल्या प्राण्यांपैकी निदान एकतृतीयांशांत काही ना काही शारीरिक वेदना असते. ती ओळखल्यावाचून शिकवणी सुरू करणे व्यर्थ होय.

शरीर निरोगी ठरले, म्हणजे वर्तनतज्ज्ञाची पायरी येते. येथे सावधपणा हवा. पशुवैद्याला १९८४ च्या कायद्यान्वये नोंदणी करावी लागते. 'श्वानप्रशिक्षक' ही पाटी मात्र कोणीही लावू शकतो. कुत्रा कोणावर गुरगुरतो, केव्हा गुरगुरतो, त्याआधी काय घडते, हे जो खोदून खोदून विचारतो तो विश्वासाचा. 'याला मालक कोण ते दाखवून देतो' असे म्हणणाऱ्याला आल्या पावली परत पाठवावे. कळपात एक वरचढ असतो आणि बाकीचे त्याला दबून असतात, हा समज रूडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली कोंडलेल्या लांडग्यांवरून लिहिलेल्या निबंधातून पसरला. १९७० च्या आपल्या ग्रंथात तोच मांडणाऱ्या डेव्हिड मीच यांनी १९९९ साली स्वतःच दाखवून दिले की, रानातला कळप बहुधा आईबाप आणि त्यांची पिले यांचे कुटुंब असते.

शिवाय गुरगुरणे ही कुत्र्याची पूर्वसूचना असते. मार देऊन ती बंद पाडली, तर भीती आत तशीच राहते, आणि पुढचा चावा सूचनेवाचून बसतो. तज्ज्ञाची रीत निराळी. फटाक्यांना भिणाऱ्या कुत्र्याला तो आवाज अगदी हळू ऐकवितात आणि लगेच आवडीचा घास देतात. कुत्रा निर्धास्त राहील तेवढाच आवाज पुढे वाढवितात. याला आठवडे, कधी महिने लागतात, आणि रोजचा पाठ घरच्यांनाच द्यावा लागतो.

दरम्यान मुलांना त्याच्याजवळ एकटे सोडू नये. चावा बसलाच, तर जखम पंधरा मिनिटे साबणाने व वाहत्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. कुत्र्याला रेबीजची लस वेळच्या वेळी टोचून घ्यावी. एवढे पथ्य पाळले, तर तज्ज्ञाला आपले काम करण्यास अवधी मिळतो, आणि घरच्या इमानी जनावरावर रस्त्यावर येण्याची पाळी बहुधा येत नाही.