शिक्षक-मूल्यमापनाची स्वतंत्र सेवा : कोल्हापूर जिल्ह्याच्या संदर्भात एक व्यवसाय-कल्पना

महाराष्ट्रातील खासगी शाळांत शिक्षकाच्या कामाची अधिकृत नोंद 'गोपनीय अहवाला'त होते. १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती अधिनियम व त्याखालील १९८१ ची नियमावली यांनुसार हा अहवाल दरवर्षी वस्तुनिष्ठपणे लिहावयाचा असतो. प्रतिकूल शेरा संबंधितास लेखी कळवावा लागतो. तसे न केल्यास त्या काळातील काम समाधानकारक होते असे मानले जाते. तरतूद शिक्षकहिताची आहे. परंतु वर्गात काय घडले हे तिच्यामुळे कळत नाही.

शिक्षण सेवकाच्या बाबतीत ही उणीव गंभीर ठरते. २००० साली सुरू झालेल्या या योजनेत तीन वर्षे मानधनावर काम केल्यानंतर तो कायम होतो. म्हणजे मूल्यमापन हा त्याच्या उपजीविकेचा प्रश्न असतो. बहुधा एखादा पाहिलेला पाठ, टाचणवहीवरील सही आणि दहावीचा निकाल यांवर तो सोडविला जातो. त्या निकालात खासगी शिकवणीचा वाटा किती, हे कोणी विचारीत नाही. १९६३ साली स्थापन झालेल्या 'गोकुळ'च्या या जिल्ह्यात दूध घालणाऱ्यास फॅटची नोंद लगेच कळते. शिक्षकाला आपल्या पाठाविषयी तेवढीही चिठ्ठी मिळत नाही!

या ठिकाणी स्वतंत्र सेवेस वाव आहे. निवृत्त मुख्याध्यापक व विषयशिक्षक यांना प्रशिक्षण देऊन निरीक्षक नेमावेत. वर्षभरात किमान तीन पाठ, तेही दोन वेगवेगळ्या निरीक्षकांनी पाहावेत. जोडीला वह्यांची तपासणी व विद्यार्थ्यांची प्रश्नावली असावी. अमेरिकेत २००९ ते २०१२ या काळात सुमारे ३,००० शिक्षकांच्या सहभागाने झालेल्या गेट्स प्रतिष्ठानच्या प्रकल्पात, एकाहून अधिक निरीक्षक असल्यास निष्कर्षाची विश्वसनीयता वाढते असे दिसून आले. नवी मोजपट्टी तयार करण्याचे कारण नाही; राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे 'पिंडिक्स' हे कामगिरी-निर्देशक उपलब्ध आहेत.

खरी अडचण पैशाची. विनाअनुदानित शाळा शुल्क देऊ शकतील. अनुदानित शाळांना वेतनेतर खर्चच भागविणे कठीण जाते. त्यांच्यासाठी तालुक्यातील दहा-बारा शाळांनी मिळून वर्गणी भरणे व्यवहार्य होईल. तथापि जो पैसे देतो त्याच्या मनासारखा अहवाल येतो, ही शंका उरतेच. म्हणून शुल्क आगाऊ व ठराविक असावे, निरीक्षक चिठ्ठ्या टाकून निवडावा आणि तो त्याच संस्थेचा अथवा शिक्षकाच्या नात्यातला नसावा. जिल्ह्यातील पाहुणेरावळ्यांचे जाळे पाहता ही शेवटची अट पाळणे वाटते तितके सोपे नाही.

कायद्याने मुख्याध्यापकावर असलेली जबाबदारी अशा सेवेकडे सोपविता येणार नाही. तिचा अहवाल पूरक पुरावाच राहील. तो प्रथम शिक्षकाच्या हाती द्यावा व सुधारणेस एक सत्राचा अवधी द्यावा. संस्थाचालकांना प्रत केव्हा मिळावी, हा करारातील सर्वांत वादाचा मुद्दा ठरेल. पहिल्या वर्षी ती मुळीच मिळू नये, ही अट मान्य करणाऱ्या शाळांपासूनच आरंभ करणे योग्य होईल.