बराकीतला विश्वचषक

त्र्यंबकेश्वर तालुक्यात खेळ म्हटलं की आधी पळणं आठवतं. हरसूलकडच्या सावरपाड्याची कविता राऊत इथल्या डोंगरवाटांवरून पळत देशभर पोचली. त्यानंतर कबड्डी, क्रिकेट. ब्रह्मगिरीच्या आसपासच्या गावांत फुटबॉलचे गोलपोस्ट शोधायला निघालात, तर बरंच हिंडावं लागेल. तरीही इथूनच फौजेत गेलेला एखादा मुलगा सुट्टीवर आला आणि रात्री एक वाजता आवाज बारीक करून रियाल माद्रिदचा सामना पाहत बसला, तर नवल वाटायला नको. ही आवड त्याने गावातून नेलेली नसते, ती त्याला बराकीत लागलेली असते.

माणसाला नवा खेळ लावायची फौजेची हातोटी जुनी आहे. नाशिक जिल्ह्यातच त्याचं ठळक उदाहरण आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१२ मध्ये सैन्यात भरती झाला, तोवर नौकानयनाशी त्याचा काही संबंध नव्हता. तिथे वल्हं हातात आलं आणि २०१६ मध्ये तो रिओ ऑलिम्पिकला उतरला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत त्याला सुवर्णही मिळालं.

फुटबॉलचं थोडं वेगळं आहे. त्यासाठी कुणाची निवड व्हावी लागत नाही. त्र्यंबकहून तासाभरावर नाशिक रोडला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे, शेजारी देवळालीत तोफखान्याची शाळा. पहाटे पीटी, मग परेड, क्लास आणि संध्याकाळी ‘गेम्स’. या गेम्समध्ये एक चेंडू असला की वीस-बावीस जण कामाला लागतात, म्हणून फुटबॉल फौजेला सोयीचा. मणिपूर, केरळ, बंगाल, गोवा, मिझोराम अशा फुटबॉलवेड्या मुलखांतली पोरं शेजारच्या खाटांवर असतात. क्रिकेटवर वाढलेल्या नाशिकच्या पोराला पहिले काही महिने ऑफसाइड कळत नाही. पुढे कळू लागतं, आणि मग तो वाद घालायला लागतो.

कोल्हापूर, गडहिंग्लज, बेळगाव पट्ट्यातल्या जवानाची गोष्ट याच्या उलटी. तो फुटबॉल घेऊनच भरती होतो. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर भिडतात तेव्हा पेठाच्या पेठा मैदानावर लोटतात. गडहिंग्लजची दिवाळी तर फुटबॉल स्पर्धेशिवाय होत नाही. याच जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी आहे, घरोघरी फौजी असलेलं गाव. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. फुटबॉल आणि भरती ही दोन्ही वेडं एकाच मातीत इतकी खोल गेलेला महाराष्ट्राच्या आसपास दुसरा टापू नाही.

या मुलांना ऑक्टोबर २०१७ नक्की आठवत असेल. सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला आणि दिल्लीच्या मैदानावर भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. कोलंबियाविरुद्ध कॉर्नरवर डोकं लावून गोल केला तो मणिपूरच्या जॅकसन सिंगने. फिफाच्या विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल. सामना २-१ असा गेला, पण कोल्हापूर आणि मणिपूर एका जर्सीत दिसले. बराकीत ही जोडी रोजच दिसते.

मुळात भारतीय फुटबॉलचं आणि सैन्याचं नातं प्रेक्षकाचं नव्हेच. आशियातली सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा, ड्युरँड चषक, १८८८ मध्ये सिमल्यात ब्रिटिश पलटणींसाठी सुरू झाली. सुरू करणारे मॉर्टिमर ड्युरँड म्हणजे पुढे अफगाण सीमारेषेला ज्यांचं नाव लागलं तेच. १९४० मध्ये मोहमेडन स्पोर्टिंगने रॉयल वॉरिकशायर रेजिमेंटला हरवलं आणि हा चषक पहिल्यांदा भारतीय संघाकडे आला. स्वातंत्र्यानंतर मद्रास रेजिमेंटल सेंटरने १९५५ आणि १९५८ मध्ये, गोरखा ब्रिगेडने १९६६ आणि १९६९ मध्ये तो जिंकला. मद्रास रेजिमेंटच्या त्या संघाचा गोलरक्षक पीटर थंगराज दोन ऑलिम्पिक खेळला आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई सुवर्णपदकातही होता. सुनील छेत्रीचे वडीलही फौजेतलेच, ईएमईचे (इलेक्ट्रॉनिक्स व मेकॅनिकल इंजिनिअर्स). संतोष करंडकात सेनादलाचा संघ आजही भल्याभल्यांना जड जातो. २०२४ मध्ये त्यांनी गोव्याला हरवून सातवं विजेतेपद घेतलं. त्यामुळे युरोपातला सामना पाहणारा जवान परक्यांच्या खेळात डोकावतोय असं म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे. तो खेळ त्याच्या पलटणीच्या इतिहासात आहे.

प्रश्न असतो वेळेचा. चॅम्पियन्स लीगचे मुख्य सामने आपल्याकडे रात्री, उन्हाळ्यात साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला सुरू होतात. पीटी त्यानंतर चार तासांवर. त्यात गार्ड ड्युटी: दोन तास उभं, चार तास आराम. ड्युटीवर फोन नाही, म्हणजे नाही. दुसरा हाफ सुरू होताना बंदूक घेऊन उभ्या राहिलेल्याला निकाल कळतो तो पहाटे चहाच्या मगासोबत, तोही बहुधा विरोधी संघाच्या चाहत्याकडून. जुलै २०२० मध्ये सैन्याने सुरक्षेपोटी ८९ अॅप फोनमधून काढायला सांगितले. फेसबुक, इन्स्टाग्राम त्यात होतेच, बातम्यांचं डेलीहंटही होतं. एरवी आपण हातासरशी स्कोर बघतो. जवानाला आधी परवानगीचा विचार करावा लागतो.

उंचीवरच्या चौक्यांवर तर फोनच दुर्मीळ. सियाचिनसारख्या ठिकाणी वर्षानुवर्षं उपग्रह फोन हाच आधार होता. ऑक्टोबर २०१७ पर्यंत त्याचा दर मिनिटाला ५ रुपये होता, मग तो १ रुपयावर आणला गेला. त्या मोजक्या मिनिटांत आईची तब्येत, पोराची शाळा, शेतातलं पाणी एवढं उरकून वेळ राहिला, तर धाकट्या भावाला “काल कोण जिंकलं रे?” हा प्रश्न. ऑक्टोबर २०२३ मध्ये बीएसएनएलने सियाचिनमध्ये साडेपंधरा हजार फुटांच्याही वर टॉवर उभा केला. ही बातमी शहरात कुणाच्या लक्षातही आली नसेल. तिथल्या माणसासाठी ती घर जवळ आल्याची बातमी होती.

युद्धात मात्र सगळंच थांबतं. २६ मे १९९९ ला कारगिलमध्ये हवाई दलाचे हल्ले सुरू झाले. त्याच रात्री बार्सिलोनात मँचेस्टर युनायटेडने भरपाईच्या वेळेत दोन गोल करून बायर्नच्या हातातला चषक काढून घेतला. जग त्या तीन मिनिटांबद्दल अजून बोलतं. द्रास-बटालिकच्या उतारांवर असलेल्यांच्या मनात त्या रात्री दुसरंच काही होतं.

एक पोस्टिंग मात्र चाहत्याच्या नशिबाला क्वचित येते: यूएन मिशन. लेबनॉनमध्ये १९९८ पासून भारतीय तुकडी आहे. बैरूतचं घड्याळ मध्य युरोपाच्या एकच तास पुढे, त्यामुळे रात्री दीडचा सामना तिथे दहाला लागतो. काँगोत गोमाच्या परिसरातही भारतीय जवानांनी वर्षं काढली. तो देश झाइरे नावाने १९७४ चा विश्वचषक खेळलेला, सहाराच्या दक्षिणेकडचा पहिला आफ्रिकी संघ. स्वाहिली किंवा फ्रेंच न येणाऱ्या जवानालाही तिथल्या पोरांशी चेंडूवरून ओळख करता येते, मग नावं विचारता येतात, मग गावची हालहवाल.

२०२२ चा अंतिम सामना लुसैलमध्ये झाला तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजले होते, ३-३ बरोबरी आणि पेनल्टीवर अर्जेंटिना. फौजेच्या दृष्टीने ती सोयीची वेळ होती, लंगर उरकून बसता येईल अशी. २०२६ च्या विश्वचषकाचं तसं नाही. अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडातले बहुतेक सामने आपल्या रात्रीत आणि पहाटेत पडतात. अंतिम सामन्याची वेळ २० जुलैची, मध्यरात्रीनंतर साडेबाराची. त्या रात्रीची ड्युटी कुणाची, कोण कुणाच्या जागी उभं राहणार आणि त्याबदल्यात पुढच्या कुठल्या रविवारची गार्ड कोण घेणार, हे हिशेब फुटबॉलवाल्या बराकीत संघ ठरण्याआधी मांडले जातात.