डोळ्याला न दिसणारा रंग, द्राक्षबागेच्या छपरावर

फळछाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला की तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ पट्ट्यात दावण्या रोगाच्या धास्तीनं बागायतदाराची झोप उडते. म्हणून बागांवर प्लास्टिकचं आच्छादन येऊ लागलं आहे. पाचगणी-महाबळेश्वरकडे पॉलिहाउस आहेतच. या छपरांनी वीजही का देऊ नये? सिलिकॉनचं पॅनेल तिथं चालत नाही. ते काळं, खाली सावलीच.

पानं प्रकाशसंश्लेषणाला वापरतात तो प्रकाश ४०० ते ७०० नॅनोमीटरचा, म्हणजे जवळपास आपल्याला दिसतो तोच. सूर्याची सुमारे निम्मी ऊर्जा त्यापलीकडे, अवरक्त पट्ट्यात असते. तेवढीच टिपणारं रंजक सौरघटात वापरता आलं तर त्याची काच बिनरंगी राहील, वेलीचा घासही हिरावला जाणार नाही.

रंजकावर चालणारा घट आहेच. ओरेगन आणि ग्रेट्झेल या शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये मांडलेल्या या सौरघटात टायटॅनियम डायऑक्साइडच्या सूक्ष्म कणांवर रंजकाचा पातळ थर असतो. प्रकाश शोषून रंजक त्या कणांना इलेक्ट्रॉन देतं. सायनाइन कुळातल्या रंजकाची कार्बनसाखळी एका दुहेरी बंधानं लांबवली की शोषण सुमारे १०० नॅनोमीटर पुढं सरकतं. पण फार पुढं गेलं तर इलेक्ट्रॉन ढकलायला पुरेसा जोर उरत नाही. त्याहून चिवट अडचण म्हणजे हे चपटे रेणू पत्त्यांसारखे एकावर एक बसतात. मग शोषण दृश्य पट्ट्याकडे घसरतं, काचेवर रंग चढतो आणि वीजही घटते. रेणूंना लांब अल्किल शेपट्या जोडून त्यांना एकमेकांपासून दूर ठेवता येतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत जयराज नित्यानंदन यांच्या गटानं स्क्वारेन नावाच्या रंजकांवर नेमकं हेच काम केलं आहे. ही रंजकं पूर्ण बिनरंगी नाहीत, पण रेणूंची गर्दी मोडायची विद्या तीच.

फ्रान्समधल्या फ्रेडरिक सोवाज यांच्या गटानं २०२१ मध्ये दिसणाऱ्या प्रकाशापैकी ७६ टक्के आरपार सोडणारा, ३.१ टक्के कार्यक्षमतेचा घट दाखवला. आकडा लहान वाटेल. पण भर दुपारी चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊन पडतं. त्या हिशेबानं एक गुंठा छपरातून तीन किलोवॅट वीज, म्हणजे पाच एचपीच्या मोटरीला लागते त्याहून थोडीच कमी. तीही दिवसा, रात्रीच्या वीजपुरवठ्याच्या पाळीची वाट न बघता.

मात्र हे घट अजून प्रयोगशाळेतल्या छोट्या काचांवरचे आहेत. वर्षानुवर्षं उन्हात रंजक टिकवणं हे मोठं काम बाकी आहे. शिवाय ७३० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशावरून वनस्पती सावली ओळखतात, तेव्हा तो अडवल्यानं वेलीवर काय परिणाम होतो हे बागेतच तपासावं लागेल. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र पुण्यातच, मांजरीला आहे. रसायनशास्त्रज्ञ आणि द्राक्षतज्ज्ञांनी मिळून तासगावच्या एखाद्या बागेत चाचणीची चौकट उभारावी, आणि बागायतदारांनी तिला जागा द्यावी.