चापल्य व मूलतंत्र, द्वंद्वक्रीडांतील
मुष्टियुद्ध, कुस्ती इ. द्वंद्वक्रीडांत खेळाडूचे श्रेष्ठत्व ठरविणारे दोन घटक. चापल्य हे काही अंशी उपजत असते. पवित्रा, पदन्यास, बचाव व डाव सरावाने साधतात. मुष्टियोद्धे मुहम्मद अली (१९४२–२०१६) तरुणपणी हात खाली ठेवून, धड मागे झुकवून ठोसे चुकवीत. वेग मंदावल्यावर १९७४ मध्ये किन्शासा येथे त्यांनी दोरांना टेकून, हातांच्या आडोशाने बचाव केला व जॉर्ज फोरमन यांना आठव्या फेरीत हरविले. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे चपळ मल्ल खाशाबा जाधव (१९२६–८४) ‘ढाक’ डावात निष्णात होते. तथापि मातीत घडलेल्या खाशाबांना गादी नवखी असल्याने १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे स्थान मिळाले. गादीवरील सरावानंतर १९५२ मध्ये हेल्‌सिंकी येथे त्यांनी ब्राँझपदक जिंकले. चापल्य ओसरल्यावर वा परिस्थिती पालटल्यावर टिकते तेच खरे श्रेष्ठत्व होय.