मांडीवरचे धर्मशिक्षण

अहिल्यानगर, म्हणजे परवापरवापर्यंतचे अहमदनगर, येथे अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली आपले ठाणे बसविले आणि पुढे या जिल्ह्याच्या गावोगावी जो ख्रिस्ती समाज उभा राहिला, त्याचा इतिहास बहुधा मिशनऱ्यांच्या अहवालांवरून आणि बाप्तिस्म्याच्या नोंदींवरून लिहिला जातो. परंतु या घरांतील चार-पाच वर्षांच्या मुलाला देव कोणाकडून व कसा कळला, ही गोष्ट कोणत्याच दप्तरात दाखल झालेली नाही.

पहिल्या पिढीला तो प्रौढपणी कळला, वादविवाद करून, कित्येकदा भाऊबंद आणि वतन यांवर पाणी सोडून; तिच्या मुलांना मात्र तो आयता घरातच भेटला. ज्या काँग्रिगेशनल पंथाच्या मंडळ्यांनी मुख्यतः हे मिशन चालविले, त्याच पंथाचे अमेरिकेतील एक पाळक होरेस बुशनेल यांनी १८४७ साली असे मत मांडले होते की, ख्रिस्ती घरातील मुलाला पश्चात्तापाच्या एखाद्या नाट्यमय क्षणाची वाट पाहत ठेवू नये, त्याने घराच्या वातावरणातच श्रद्धेत वाढावे. हे मत त्या काळी पुष्कळांना रुचले नाही. रुचण्याचे कारणही नव्हते, कारण त्यामुळे व्यासपीठावरील प्रवचनाचा मान बराचसा स्वयंपाकघराकडे जात होता.

या मताची कसोटी पाहावयाची तर टिळकांच्या घराकडे वळावे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. पुढे एकत्र राहू लागल्यावरही सोवळेओवळे त्यांनी एकदम टाकले नाही, आणि ते कसे गळत गेले याची हकिकत ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी स्वतःवर हसत हसत सांगितली आहे. या अवधीत त्यांचा मुलगा दत्तू त्यांच्याजवळच वाढत होता. बापाचा देव वेगळा, आईचा वेगळा, आणि तरीही दोघांचे एकमेकांवाचून चालत नाही, हे जे मूल रोज पाहते, त्याला देवाविषयी पाठ केलेल्या वचनांपेक्षा काही अधिकच समजत असले पाहिजे. हाच मुलगा, देवदत्त टिळक, पुढे ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकाचा संपादक झाला, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. रेव्हरंड टिळक स्वतः शीघ्रकोपी. पण फुलामुलांचे कवी म्हणून ओळखल्या गेलेल्या या गृहस्थाने आपल्या अभंगांत ख्रिस्ताला माउली म्हणून आळविले, आणि वारकऱ्यांच्या या मुलखात ती हाक लहान मुलाच्या कानालाही परकी लागली नाही.

आजही या भागातील अनेक घरांत रात्री जेवणापूर्वी कौटुंबिक उपासना होते. वडील शास्त्रातील एक भाग वाचतात, आजी चालीवर एक गीत धरते, आणि धाकटे मूल एक डोळा किलकिला करून ताटाकडे पाहत असते. वडिलांच्या प्रार्थनेत ज्या शेजाऱ्याशी बांधावरून तंटा चालू आहे त्याचे नाव येते की नाही, याकडे त्याचे लक्ष असते. मोठ्यांना वाटते ते पेंगले आहे. उलट ज्या घरी प्रत्येक खोडीला ‘देव बघतोय हं’ एवढीच दटावणी मिळते, तेथे देव हा बिनगणवेशाचा फौजदार होऊन बसतो, आणि त्याची ती नेमणूक रद्द करणे पुढे कोणत्याही पाळकाला जड जाते. याच जिल्ह्यातील हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला सप्टेंबरात बापाच्या खांद्यावर बसून येणारे कॅथलिक मूल मेणबत्तीच्या उजेडात आईच्याच रूपाला प्रथम हात जोडते. त्याचा आरंभ निराळा, आणि मला विचाराल तर थोडा सुखाचा.

अॅना-मारिया रिझुतो या मनोविश्लेषक विदुषीने १९७९ च्या आपल्या ग्रंथात दाखविले की, मूल देवाची प्रतिमा मुख्यतः आईबापांच्या अनुभवातून घडविते आणि देवाच्या घराच्या दाराशी येते तेव्हा ती बरोबर घेऊनच येते. दृढीकरणाच्या वर्गात पाळकांनी ‘देव कसा आहे?’ असे विचारल्यावर पंधरा वर्षांची मुले प्रश्नोत्तरीतले उत्तर बिनचूक म्हणून दाखवितात. त्यांना निराळे उत्तरही ठाऊक असते, ते त्या वर्गात कोणी विचारीत नाही.